धवलारणीचा दम

माझ्या सासूने मरायची तयारी सुरू केली ती एका मंगळवारी, भाकऱ्या थापून झाल्यावर. हात धुतले, पदराला पुसले आणि आम्हा नवरा-बायकोला समोर बसवून तिने जाहीर केलं, "आता मना मराचां हाय. लग्नाची तयारी म्हयनाभर आधी करतंव, मंग याची नको करावाला?"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज कमी केला. आमच्या घरात यापेक्षा मोठा आदर कुणाला मिळत नाही.

आदल्या दिवशी आम्ही तिला अंबरनाथला डॉक्टरांकडे नेलं होतं. मी तिथल्याच एका लॅबमध्ये रक्त घ्यायचं काम करते, त्यामुळे रिपोर्ट आधी माझ्या हातात आला होता आणि मी तो दोन दिवस पर्समध्ये घेऊन हिंडत होते. चुलीच्या धुराने फुप्फुसं गेली आहेत, औषधांनी फार तर त्रास कमी होईल, असं डॉक्टर म्हणाले. किती दिवस, ते त्यांनी सांगितलं नाही. तिनेच उलट विचारलं, "मंग शेवटाला गल्यात नली घालाल?" वेळ आली तर मशीन लावावं लागेल, असं ते म्हणाले. तिने गळ्यावर हात ठेवला आणि सांगितलं, "या गल्यात नली जाचां नाय. लिवा." डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहिलं. खाली तिने आपली सही केली आणि मुलालाही करायला लावली. तो सही करताना इतका थरथरत होता की डॉक्टरांनी त्याचंच ब्लडप्रेशर बघितलं.

गळ्याचा एवढा बडेजाव कशाला, तर ती धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात भटजी येतो, अक्षता टाकतो आणि जातो. खरं लग्न धवलारीण लावते. मांडव घालण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचे धवले, म्हणजे लग्नाची गाणी, लागतात. दोघी जणी मांडवात बसतात आणि एकीचा दम संपतो तिथून दुसरी ओळ उचलते, म्हणजे गाणं कुठे तुटत नाही. तुटलं तर अपशकुन. माझ्या सासूने आमच्या बदलापूरच्या बेलवलीपासून पार वांगणीपर्यंत किती लग्नं अशी लावली असतील, याचा हिशोब तिलाही नव्हता. स्वतःच्या मुलाचं मात्र तिला लावता आलं नाही, कारण आम्ही रजिस्टर लग्न केलं. हे तिने मला कधी विसरू दिलं नाही.

मी उल्हासनगरची, कॅम्प नंबर चारची. आगरी नाही. लग्न होऊन आले त्या दिवशी मी शिकवल्याप्रमाणे "अहो आई" म्हणाले, तर तिने मागे वळून पाहिलं. "अहो कोनला?" तेव्हापासून मी तिला "आई, तू" म्हणते. तरी नवऱ्याशी बोलताना माझ्या तोंडून "तुमची आई" असंच यायचं. तुमच्या आईने मासळी सिंकमध्ये धुतली. तुमच्या आईला सांगा, कढई घासायला टाकत जा. सुनांच्या भाषेत हे चालतं.

मरायची तयारी म्हणजे नेमकं काय करायचं, ते तिच्या डोक्यात स्पष्ट होतं. "काय बी बाकी ठेवाचां नाय." तिची स्वतःची सासू चार दिवस घरघर करत पडली होती आणि दर तासाला डोळे उघडून कपाटाची चावी कुठे आहे म्हणून विचारत होती. कपाटात जुनी लुगडी होती, दुसरं काही नव्हतं. चौथ्या दिवशी कुणीतरी चावी हातात दिली, तेव्हा कुठे ती सुटली. माझ्या सासूने ते बघितलं होतं. आपल्याला तसं चावी मागत जायचं नाही, मोकळ्या हाताने जायचं, एवढं एकच तिने मरणाकडून मागितलं होतं.

आता मोकळं व्हायला शिकवतो कोण? माझ्या माहेरच्या बिल्डिंगमध्ये एक सिंधी दादा होते. जन्मभर ड्रेस मटेरियल विकलं, बायको गेल्यावर दुकान मुलांवर सोपवलं आणि स्वतः श्वासाचे क्लास घ्यायला लागले. कॅम्प नंबर तीनमध्ये, एका जीन्सच्या कारखान्याच्या वर. फी नाही, फक्त चप्पल बाहेर काढायची. मी सहज बोलून गेले आणि सासूने पुढच्या गुरुवारी मला अर्धी रजा टाकायला लावली.

बदलापूरहून अंबरनाथ, अंबरनाथहून शेअर रिक्षाने कॅम्प तीन. जिन्याच्या सोळा पायऱ्या ती तीन ठिकाणी बसून चढली. खाली शिलाई मशिनी धडधडत होत्या, निळ्या कापडाचा भुसा जिन्यापर्यंत उडत होता आणि वर पंधरा-वीस म्हातारे-म्हाताऱ्या डोळे मिटून शांतता शोधत होते. दादांनी पांढरा कुर्ता घातला होता. ते म्हणाले, "अम्मा, कुछ करना नहीं है. सांस आ रही है, जा रही है. सिर्फ देखो. पकड़ना नहीं."

"सांस को मैं किधर से पकडूं?" सासू म्हणाली. "वो इच मेरे को पकडके नाचती है."

दोघी-तिघींनी डोळे उघडले. दादांनाही हसू आलं, पण त्यांनी ते कुर्त्यात लपवलं.

तिसऱ्या गुरुवारी वेगळंच घडलं. श्वास लांब कसा सोडायचा ते दादा दाखवत होते आणि सासू मान हलवत होती, चुकतंय म्हणून. शेवटी तिने त्यांना थांबवलं. खांदा वर नाय गेला पाहिजे, पोटातून घ्यायचा, आणि सोडताना सगळा एकदम नाय, जात्यात दाणे टाकतो तसा थोडा-थोडा. तिच्या फुप्फुसात तेव्हा जेमतेम वाटीभर हवा मावत असेल, पण ती वाटी तिने अशी काही पुरवली की दादा बघत राहिले. "अम्मा, हमने चालीस साल कपड़ा नापा," ते म्हणाले. "सांस तो आपने नापी है." त्या दिवसापासून ती पुढे, दादांच्या शेजारी बसायची. आणि मी मागे, खांबाला टेकून. क्लासमध्ये नुसतं बसायचं नाही असा नियम होता, म्हणून मलाही डोळे मिटावे लागत.

घरी सराव सुरू झाला. सकाळी ओटीवर मांडी घालून बसायची आणि मोठ्याने म्हणायची, "आला." मग बराच वेळ शांतता. मग, "गेला." समोरच्या बायका पहिले दोन दिवस "कोन गेला?" म्हणून धावत आल्या. तिसऱ्या दिवसापासून त्या धावायच्या नाहीत, नुसत्या खिडकीतून डोकावून खात्री करायच्या.

दादांचा दुसरा धडा म्हणजे, दर आठवड्याला आपल्याला प्रिय असलेली एक वस्तू देऊन टाकायची. हा धडा सिंधी पद्धतीने बरोबर असेल, पण आमच्या गावात तो चालणं शक्य नव्हतं. आमच्याकडे कुणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. पितळी हंडा भाचीला दिला, तर हंड्यातून घरी तांदूळ आले. मासळीची टोपली चुलत जावेला दिली, तर तिने सुका जवळा आणि वर दोन नारळ पाठवले. सासूकडे लग्नांत मानाचे मिळालेले ब्लाउज पीस होते, ट्रंकभर. ते तिने आल्या-गेल्या बाईला वाटले. बायकांनी लगेच हळदीकुंकू लावून तिची ओटी भरली आणि ओटीत काय, तर ब्लाउज पीस. एक आमचाच होता, त्यावर तिच्याच हातचा हळदीचा डाग होता. तीन महिन्यांत घरात पूर्वीपेक्षा जास्त सामान झालं. "वैराग्याला जागा पुरत नाही," मी नवऱ्याला म्हणाले आणि त्याने माळ्यावर एक फळी ठोकली.

तिला वाटलं, आपल्या वस्तू देऊन भागत नाही. मग तिने माझा मिक्सर भाचीला दिला. मी लॅबमधून आले तर ओट्यावर त्याच्या जागी मोकळा चौकोन. "तुजा बी मोह कमी होल," ती म्हणाली. मग नवऱ्याची आरामखुर्ची गेली. नवरा चार दिवस स्टुलावर बसून टीव्ही बघत होता आणि तोंडातून चकार शब्द नाही. आई जाणार म्हणून त्याने मनातल्या मनात सगळं आधीच माफ करून टाकलं होतं. मी नव्हतं केलं. मी भाचीकडे जाऊन मिक्सर परत आणला, रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून जाताना ब्लाउज पीस घेऊन गेले.

पावसाळा संपता संपता दादांनी तिला क्लासनंतर थांबवून घेतलं. "अम्मा, अब क्या बचा है?"

ती बोटांवर मोजत सांगायला लागली. लुगडी दिली. भांडी दिली. दागिने भाच्यांना दिले. मुलगा पण सोडला, तसा तो कोणाच्याच फारसा उपयोगाचा नव्हता. सून सोडली. इथे तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी छताकडे.

"किसी से नाराज़गी?" दादांनी विचारलं.

ती पदर सावरून उठली आणि जिना उतरायला लागली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "त्या दादाला काय करावाचां हाय? श्वास शिकव म्हना. बाकीच्या चौकश्या कनाला?"

नाराजी कुणावर, ते मला माहीत होतं. आख्ख्या बेलवलीला माहीत होतं. तिची जोडीची धवलारीण जवळच्याच खरवईला राहायची. मी तिला मावशी म्हणते. दोघी पंचवीस-तीस वर्षं एकत्र गायल्या. पाच वर्षांपूर्वी गावातल्याच एका लग्नात सासू लांबलचक ओळ म्हणत होती आणि ओळ अर्ध्यावर असताना मावशीने ती तिच्या तोंडातून काढून घेतली. मांडवात कुणाला कळलंही नाही, गाणं तुटलं नव्हतं. पण सासूसाठी ते भर मांडवात कानाखाली मारल्यासारखं होतं. आपला दम संपलेला नसताना, तो संपला असं दुसरीने ठरवलं. त्यानंतर ती मावशीबरोबर पुन्हा गायली नाही. एक-दोन मोसम दुसऱ्या बायकांबरोबर ओढले, मग डीजेने सगळं खाल्लं म्हणून गाणंच सोडलं. मावशीचं नाव घरात निघालं की ती चुलीपुढे जाऊन बसायची आणि फुंकणीने इतकी फुंकायची की भाकरी करपायची.

एवढं सगळ्यांना माहीत होतं. यापुढचं फक्त मला आणि मावशीला माहीत होतं, निदान मला तसं वाटत होतं.

त्या लग्नानंतर चौथ्या दिवशी मावशी आमच्या घरी आली होती. दुपारची वेळ, मी सुट्टीवर, सासू मागच्या पडवीत चुलीशी. मी दार उघडलं. मावशी उंबऱ्याच्या आत आली नाही, हळू आवाजात म्हणाली, "बाय, तिला डाक्टरला दाखव. तिचा दम पुरत नाय. वल अर्धी व्हती न तिचे व्होट निले परले. मी बघितलां म्हनून वल उचलली."

मी काय करायला हवं होतं, ते कुठल्याही शहाण्या माणसाला सुचेल. मी तर लॅबमध्ये काम करते. ओठ निळे पडणं म्हणजे काय, ते मला मावशीपेक्षा चांगलं कळत होतं. पण घरात चार दिवस मावशीच्या नावाने बोटं मोडणं चाललं होतं, आणि मला भांडायची हौस. मी ओरडले, "भर मांडवात आमच्या आईची अब्रू घेतली, ती पुरली नाही? आता तिला आजारी पाडायला दारात आलात? आमची आई तुमच्यासारख्या दहा जणींना पुरून उरेल." आणि दार लावून घेतलं. जोरात लावलं. कडीसुद्धा घातली.

ते मी कुणाला सांगितलं नाही. पुढची साडेचार वर्षं सासू रोज त्या चुलीवर भाकऱ्या भाजत राहिली, कारण गॅसवरची भाकरी तिला भाकरी वाटत नसे. मला तिच्या भाकऱ्या आवडत. मी त्या रोज डब्यात नेल्या.

म्हणून त्या क्लासमध्ये मला बसवत नसे. दादा म्हणत, "छोड़ो, धीरे से छोड़ो," आणि बाकीचे श्वास सोडत. मला मिटल्या डोळ्यांपुढे आमचं दार दिसे.

दिवाळीनंतर ती जिना चढण्याच्या पलीकडे गेली. घरी ऑक्सिजनचं मशीन आलं. ते दिवसभर घुरघुरायचं आणि तिने त्याचं नाव जावई ठेवलं, कारण ते कोपऱ्यात बसून नुसतं आवाज करतं. एका गुरुवारी दादाच बदलापूरला आले, हातात दाल-पकवानचा डबा घेऊन. अर्धा तास दोघं शेजारी शेजारी बसून श्वास घेत होते. निघताना त्यांनी चप्पल घालत विचारलं, "अम्मा, एक बाकी है ना?"

"हां," ती म्हणाली. "मालूम है." आणि मला हाक मारली, त्यांच्या डब्यात जवळा भरून द्यायला. दादा शाकाहारी होते. ते डबा हात लांब धरून स्टेशनकडे गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "खरवईला जावाचां हाय."

मी नाही म्हणाले. ऊन आहे. रस्ता खोदलेला आहे. ऑक्सिजनचा छोटा सिलिंडर दीड तासच पुरेल. डॉक्टरांनी सांगितलंय, दमायचं नाही. मी नर्सबाईच्या आवाजात बोलत होते आणि प्रत्येक कारण खरं होतं. पण मी भांडत होते ती तिच्या तब्येतीसाठी नाही. तिथे गेल्यावर मावशी त्या दुपारचं सांगणार आणि ही मला विचारणार, याची मला भीती वाटत होती. मरायला टेकलेल्या बाईसमोर मी स्वतःची कातडी वाचवत होते. हे लिहितानाही मला माझी लाज वाटते.

तिने ऐकलं नाही. रिक्षात सिलिंडर माझ्या मांडीवर आणि ती माझ्या खांद्यावर, असे आम्ही निघालो. खरवईला आता सगळीकडे टॉवर झालेत. त्यांच्यामध्ये मावशीचं कौलारू घर तेवढं उरलंय, कारण तिचे चार मुलगे कुठल्याच बिल्डरवर एकमत होत नाहीत. मावशी ओट्यावर सुपात तांदूळ पाखडत होती. आम्हाला बघून ती उठली नाही. सूपही थांबलं नाही.

"आलीस?" ती म्हणाली. "मराची वाट बघत व्हतीस?"

"मरतेच हाय. म्हनून आले." सासू ओट्यावर टेकली. दम परत आल्यावर तिने बोट रोखून विचारलं, "तू माजी वल चोरलीस का नाय?"

"चोरली. मंग?"

"माजा दम व्हता."

"नव्हता. मंडपात परली असतीस तू. नवरीच्या अंगावर."

"परली असती त परू देवाची व्हती!"

"नवरीच्या अंगावर? ती पोर केवरी, तू केवरी! लगीन व्हाच्या आधी मेली असती ना ती!"

सासू हसायला लागली. हसताना तिला ठसका लागला, मावशी सूप टाकून धावली आणि तिची पाठ चोळायला लागली. शिव्या देत चोळत होती. मी तिच्या नाकातली नळी नीट केली, सिलिंडरचा काटा बघितला, पुन्हा बघितला. ठसका थांबला तरी मावशीचा हात पाठीवरून निघाला नाही. "मी आलते ना तुज्या घरा," ती म्हणाली. "तुना सांगाला, का..."

तिने माझ्याकडे बघितलं. मी सिलिंडरच्या काट्याकडे बघत होते.

"...पन वाटंतनंच परत गेले," मावशी म्हणाली. "लाज वाटली."

"हां," सासू म्हणाली. एवढंच.

आम्ही तासभर बसलो. निघताना मावशीने सुपातले तांदूळ पिशवीत भरून दिले, आणि सासूने पिशवी घेतली. रिक्षात तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि घर येईपर्यंत झोपली. तिचा श्वास मला मानेवर लागत होता. दादांनी सांगितल्याप्रमाणे मी तो नुसता बघत होते. बघताना मला रडायला येत होतं. आरशात रिक्षावाला बघत होता, म्हणून मी सिलिंडरचं काहीतरी करत राहिले.

संध्याकाळी तिला ओटीवर बसवलं, मशीन लावलं आणि तिच्या पायाशी बसून मी सगळं सांगितलं. दार, कडी, मी काय बोलले ते शब्द, सगळं. मावशी खोटं बोलली, ती परत गेली नव्हती, मी तिला घालवली होती. मला वाटलं होतं, ती ओरडेल. ओरडायला दम नसेल तर निदान तोंड फिरवेल.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली. "मी मागल्या दारात उभी व्हती. आयकलां सगलां."

मला आधी समजलंच नाही. "ऐकलंस? मग बाहेर का नाही आलीस? आपण त्याच दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो!"

"मना कललेलां व्हतां, दम चाललाय त्यो. तिच्या आधी मना कललां." ती थांबली, दोन श्वास घेतले. "तू त्या दिशी 'आमची आई' बोललीस. बारा वरसां झालती तुना येऊन. रोज 'तुमची आई', 'तुमची आई'. मी बाहेर आली असती त तिचां खरां झालां असतां, न तू खोटी परली असतीस. पयल्यांदा बोललीस, न मी तुना खोटी पारू?"

मी तिच्या पायांवर डोकं ठेवलं. नमस्कार नव्हता तो, मला बसवतच नव्हतं. तिने थोडा वेळ माझे केस चाचपले आणि म्हणाली, "तेल लाव जरा. झाडू झालाय." मग तिने डोळे मिटले आणि "आला" म्हणाली.

अकरा दिवसांनी, सकाळी चहा घेऊन झाल्यावर, ती गेली. घरी, आपल्या खाटेवर. मावशी आठ दिवस आमच्याकडेच राहायला आली होती, ती उशाशी होती. नवऱ्याने एकदा फोन काढला, अँब्युलन्सचा नंबर लावला आणि मग आपणच तो कापून फोन खिशात ठेवला. त्याच्या आयुष्यातलं ते सर्वांत अवघड काम असेल. तिने काही मागितलं नाही. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, मावशीला काहीतरी म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, आणि मावशी म्हणाली, "जा गो." श्वास लांब लांब होत गेले. खांदा एकदाही वर गेला नाही.

नंतर मी डॉक्टरांना विचारलं. तेव्हाच चूल बंद केली असती तर काही वर्षं मिळाली असती, असं ते म्हणाले. किती, ते त्यांना सांगता आलं नाही.

मी अजून गुरुवारी कॅम्प तीनला जाते. आता पुढे बसते. दादा मधूनच विचारतात, "बेटा, कुछ बचा है?" मी नाही म्हणते, आणि त्यांना कळतं की मी खोटं बोलतेय. ती वर्षं तिने मला खोटी पाडायची नाही म्हणून चुलीपुढे काढली. त्यातल्या एकाही सकाळची भाकरी मला कुणाला देऊन टाकायची नाही.